माठाला आभाळ दाखवताना

माठ विकायला फिरताना मी कधी ओरडले नाही. बाकीच्या बायका "माठ घ्या, घागरी घ्या" म्हणत सगळी गल्ली जागी करायच्या. माझ्या गळ्यातून आवाजच फुटत नसे. मग मी माझी एक रीत काढली. पाटी उतरवायची, एक माठ डाव्या हातावर तोलायचा आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवायचा. नीट भाजलेला माठ घंटेसारखा बोलतो. तो आवाज ऐकून बायका दारात येत. भाव सांगायची वेळ आली की मी खाली बघून सांगे.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षर बरं होतं म्हणून गुरुजी वडिलांना म्हणाले होते, पोरीला पुढं शिकवा. वडील म्हणाले, मग माती कोण चाळील? त्यांचंही बरोबर होतं. माती चाळायला खरंच कुणी नव्हतं. आता चाळायला मातीच उरली नाही. आमच्या घरातलं चाक बंद पडलं, मालक गेले, मुलं दुसऱ्या कामाला लागली. दुपारी घर रिकामं असतं तेव्हा मी लिहिते. हे कुणाला दाखवायचं नाही. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट घडली होती, ती आता माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते.

आधी माठाचं सांगते. लोकांना वाटतं, माठ पाणी गार करतो म्हणजे कुंभार त्यात काहीतरी घालत असणार. कुणी तुरटी म्हणे, कुणी वाळा म्हणे. तसं काही नसतं. तळ्यातली गाळाची माती, चाळलेली राख, नदीची बारीक रेती आणि घोड्याची लीद. लीद मातीत मळायची. माठ आव्यात भाजला की लीद जळून जाते आणि तिच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात. त्यातून पाणी पाझरतं, वाऱ्याने सुकतं, सुकताना आतली ऊब घेऊन जातं. माठाला घाम येतो, एवढंच. आमच्यात बायकांनी चाकाला हात लावायचा नाही अशी रीत होती. लिदीला मात्र लावायचा. घोटायचं कामही बायकांचंच. गारगोटीने माठ फार घोटला तर छिद्रं बुजतात. तो दिसायला देखणा होतो आणि पाण्याच्या कामाचा राहत नाही. गिऱ्हाईक नेमका तोच उचलतं.

माझं माहेर राजूरच्या अलीकडचं खेडं. वडिलांच्या घराच्या भिंती मातीच्या, हातभर जाड. दिवसा माठ भिंतीतल्या कोनाड्यात असे. दिवेलागण झाली की आई म्हणायची, "माठाला आभाळ दाखव गं." गुरांना पाणी दाखवतात, तसं माठाला आभाळ दाखवायचं. मग मी माठ अंगणातल्या रेतीवर नेऊन ठेवी, तोंडावर पातळ फडकं बांधी आणि उन्हं यायच्या आत परत कोनाड्यात ठेवी. सकाळी ते पाणी दातांना लागायचं.

एकदा मी वडिलांना विचारलं होतं, आभाळ कशाला दाखवायचं? ते म्हणाले, "दिवसभर ऊन खाल्लं त्यानं. ते कुठं टाकल? वर टाकू दे." ज्या रात्री ढग येत त्या रात्री पाणी तितकं गार होत नसे. वडील सकाळी तांब्या तोंडाला लावून म्हणत, "आज आभाळ पांघरून निजलं वाटतं." मला तेव्हा ते बोलणं गमतीचं वाटे. घरातलंच बोलणं, त्यात काही शिकण्यासारखं आहे असं कुणाला वाटतं?

लग्न होऊन मी जालन्याला आले. तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. आमची गल्ली कुंडलिका नदीच्या काठाला, मागं नदीचं उघडं पात्र. घराचा परसू नदीत उतरलेला. तिथं रात्री वारा येई आणि आमच्या घरचा माठ माहेरच्याइतका नसला तरी चांगला गार होई. त्यामुळंच पुढं सगळा घोळ झाला.

गाव म्हणजे काय आणि शहर म्हणजे काय, हे मला एसटीत कळलं. माहेराहून संध्याकाळच्या गाडीने परत येताना मी खिडकीबाहेर हात ठेवी. शेतांमधून गाडी चालली की हाताला गारवा लागे. ओढ्याजवळ तर काटा येई. जालना जवळ आलं, घरं सुरू झाली की अचानक हातावर ऊन वाफ येई, विझत आलेल्या आव्याजवळ हात नेल्यावर येते तशी. सूर्य कधीच बुडालेला असे. मला वाटे, एवढी माणसं, एवढ्या चुली, त्यांचीच ही ऊब असेल. मी पदर सावरून उतरे आणि विसरून जाई.

बहात्तरच्या दुष्काळानंतर शहरात माणसं फार आली. जुन्या धाब्याच्या घरांवर माती टाकायला माणसं मिळेनात आणि लोकांना स्लॅबचं वेड लागलं. काळ्या दगडाची भिंत, वर स्लॅब, समोरासमोर घरं, मधून एक बैलगाडी कशीबशी जाईल एवढी वाट. लोक आम्हाला हौसेने घर दाखवत. आणि त्याच घरांतून तक्रारी यायला लागल्या की माठ गार होत नाही.

एका गल्लीत एक वकिलीणबाई होत्या. बोलायला तिखट. त्यांनी मला दारातच गाठलं. "कुंभारीणबाई, माठ दिला का चहाची किटली? साखर-पत्ती टाकायचीच बाकी हाय." आजूबाजूच्या बायका हसल्या. मी माठ परत घेतला, घरी आणला, परसात भरून ठेवला. सकाळी पाणी गारेगार. तेच पाणी दाखवायला मालक स्वतः गेले. वकिलीणबाईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "बघा, म्हंजे चांगला माल घरी ठेवता आन् आमाला भाकड देता."

"बाई, हा तुमचाच माठ हाय," मालक म्हणाले.

"मंग आमच्या घरी काय झालं त्याला? सासुरवास?"

मालक रागाने बोलून गेले, "माठ माझा हाय, घर तुमचं हाय. ज्याचं त्यानं बघावं."

ते किती खरं बोलले होते, ते त्यांनाही कळलं नव्हतं. घरी येऊन मात्र ते मातीवर संशय घ्यायला लागले. माती बदलली, राख वाढवली, लीद वाढवली. रोज एकच प्रश्न: "तू बराबर मळली होती का?" मी मान हलवी. मला माझ्याच हातांचा संशय यायला लागला होता.

अशा दिवसांत सोनाकाकूची गोष्ट घडली.

सोनाकाकू मूळच्या घनसावंगीकडच्या. नवरा लवकर गेलेला. एकच मुलगा, दिगंबर. तो गवंडीकाम शिकला आणि त्याने आईला जालन्याला आणलं. वकिलीणबाईंच्याच गल्लीत एक पडकं धाब्याचं घर घेतलं होतं. पावसाळ्यात ते गळे, आणि काकू रात्रभर परात इकडून तिकडे सरकवत बसत. दिगंबरने ते पाडलं आणि कामावरून सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने दगडाची भिंत उचलली. स्लॅब ओतला त्या दिवशी काकूंनी गल्लीभर गूळ-खोबरं वाटलं होतं. मलाही दिलं. दिगंबर सिमेंटच्या पायांनीच उभा होता, मला म्हणाला, "वहिनी, आता मायला एक झ्याक माठ द्या. जागा मी करून ठेवलीय." त्याने मागच्या भिंतीत, दगडातच, माठासाठी कोनाडा काढला होता. खाली गोल खळगा, माठ डुगडुगू नये म्हणून. पाणी सांडलं तर वाहून जायला बारीक पन्हळ. कुंभाराच्या घरीही एवढी बेस्त जागा नव्हती.

पुढल्या पावसाळ्यात तो मुदतीच्या तापाने गेला. नवं घर एक थेंब गळलं नाही, असं काकू म्हणत, आणि पुढचं बोलत नसत.

आमच्याकडं अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी केळी पुजतात. ही खायची केळी नव्हे. केळी म्हणजे तांबडा मातीचा घडा, आणि तिच्या तोंडावर ठेवायचा तो लहान करा. त्यात पाणी भरायचं, वर आंबा किंवा खरबूज ठेवायचं, गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. वैशाखाचं ऊन असतं, त्याला तहान लागली असेल, एवढा साधा त्यातला भाव. आम्हा कुंभारांची ती सुगी. दिगंबरच्या पहिल्या आखाजीला काकूंनी माझ्याकडून केळी घेतली. मी ती दोनदा वाजवून दिली.

पूजा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, मी त्या गल्लीतून जात होते. काकू दारात बसल्या होत्या. त्यांनी हाताने जवळ बोलावलं. वकिलीणबाईंसारखा आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या.

"पोरी, केळी गार होईना गं."

मी म्हणाले, "काकू, नवी हाय. चार दिवस पाझरू द्या."

"न्हाई. तुझ्या केळीचा दोष न्हाई म्हणून राह्यले मी. तू दुसरी दिली तरी तीबी होणार न्हाई." मग म्हणाल्या, "तो घेईना."

मी पाटी टेकवून त्यांच्याजवळ बसले. त्यांनी सांगितलं ते असं. तापात दिगंबर सारखा पाणी मागायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, उकळलेलंच पाणी द्या, दुसरं बिलकुल नको. काकू उकळून, कोमट करून वाटीने पाजत. तो तोंड फिरवी. म्हणे, "माय, माठातलं दे. गार दे. मी जागा केलीय ना त्याला." काकूंनी दिलं नाही. डॉक्टरांचं ऐकलं. शेवटच्या दिवशीही त्याने मागितलं होतं.

"आता मी गार देऊन राह्यले तर घेईना," काकू म्हणाल्या. "ऊनच करून ठेवतो. जसं मी दिलं तसं."

मला बोलता आलं असतं तर मी म्हणाले असते की असं नसतं काकू, डॉक्टरांनी सांगितलं तेच तुम्ही केलंत. दुसऱ्या कुणी बाईने सांगितलंही असेल. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. ते फुटले होते. वकिलीणबाईंनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, आवाज न चढवता: "म्हातारीनं पाणी तोडलंय. त्याला गार मिळेस्तोवर मी पिणार न्हाई म्हणते. दिवसातून तांब्याभर बळंच पाजतो आमी. ह्या उन्हाळ्यात टिकायची न्हाई ती. तुमच्या मालकाला म्हणावं, काय ते करा."

मी घरी येऊन सगळं सांगितलं. मालकांनी उठून माती ओढली. त्या रात्री त्यांनी घडवलेली केळी मी विसरणार नाही. एवढी पातळ, एवढी हलकी, की उचलताना भीती वाटावी. लीद मी तीनदा चाळली. आवा उतरला, केळी वाजवून पाहिली, परसात भरून पाहिली. पाणी असं गार की मालकांनी डोळे मिटले. म्हणाले, "जा, दे. आता न झालं तर मी चाक मोडतो."

काकूंनी ती केळी दिगंबरच्या कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी मी गेले तर पाणी जसंच्या तसं, कोमट. काकू हसल्या. रडल्या असत्या तर बरं.

"मी म्हणलं न्हवतं?"

मालकांनी चाक मोडलं नाही. पण दोन दिवस त्याला हातही लावला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकूंकडे गेले. काही ठरवून गेले नव्हते. पाणी थोडं तरी जावं म्हणून ताक नेलं होतं. त्या आत पडून होत्या. म्हणाल्या, "केळी उचल गं, खळग्यात पाणी साचलंय, पुसून घे." मी कोनाड्यात दोन्ही हात घालून केळी उचलली आणि माझ्या हाताची मागची बाजू दगडाला लागली. मी केळी तशीच छातीशी धरून उभी राहिले.

दगड ऊन होता. भाकरी उतरवल्यावर तवा बराच वेळ असतो, तसा. बाहेर दिवे लागले होते. ती मागची भिंत मावळतीची, दुपारी डोक्यावरून कललेलं ऊन खाणारी. तिच्यासमोर तीन हातांवर वकिलीणबाईंच्या घराची तशीच दगडी भिंत. मी खिडकीतून हात बाहेर काढला. मधल्या बोळात आव्याची वाफ. तीच वाफ, जी एसटीच्या खिडकीत हातावर येई.

सगळं एकदम डोक्यात आलं नाही. केळी पुसत होते तेव्हा हळूहळू आलं. वडिलांचं ते बोलणं आठवलं: ऊन कुठं टाकल? वर टाकू दे. आमच्या खेड्यात जमीन उघडी, अंगण उघडं. दिवस मावळला की जमीन, भिंती, माठ, सगळं आपापलं ऊन वर टाकून मोकळं होतं. इथं वर टाकायला जागाच नाही. ह्या भिंतीने टाकलेली ऊब ती समोरची भिंत झेलते आणि परत हिला देते. आभाळ म्हणजे वर चिंचोळी पट्टी. स्लॅब तर दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर थोडं थोडं सोडत बसतो, तेवढ्यात पुन्हा सूर्य उगवतो. आणि त्या सगळ्याच्या पोटात, तिन्ही बाजूंनी दगड, अशी ती केळी. ती गार होणार कशी? तिने घाम गाळून जेवढी ऊब घालवावी तेवढी भिंत पुन्हा भरत होती. वडिलांच्या घरीही माठ कोनाड्यातच असे, म्हणून मला तिथं कधी संशय आला नाही. पण ती भिंत मातीची होती आणि रात्री माठ अंगणात असे.

कळलं. पण ते सांगायचं कसं? काकूंना सांगायचं की तुमच्या पोराने तुमच्यासाठी केलेली जागाच वाईट आहे? त्याने बांधलेल्या भिंतीमुळं त्याला पाणी गार मिळत नाही? त्यांच्याजवळ त्याचं म्हणून दुसरं होतं काय?

मी एवढंच म्हणाले, "काकू, आमच्या माहेरी केळीला आभाळ दाखवतात. आजच्या रात्री दाखवू का?"

"कुठं?"

"वर. स्लॅबवर."

त्यांनी मान कोनाड्याकडे वळवली. "त्यानं जागा केली हाय तिला," म्हणाल्या.

"सकाळी परत जागेवर ठेवते."

"तुला वाटतं तर ने."

मी शिडीवरून केळी वर नेली, स्लॅबवर ठेवली, फडकं बांधलं. मोठ्या आशेने घरी आले. पहाटे जाऊन पाहिलं तर पाणी कालच्यापेक्षा बरं, पण गार म्हणावं असं नाही. काकू खालूनच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे पोरी. किती दमशील?"

मी घरी येऊन मालकांना सगळं सांगितलं: भिंत, बोळ, वडिलांचं बोलणं. त्यांच्याशी इतकं सलग मी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असेन. ते ऐकत होते. मग म्हणाले, "केळीच्या बुडाखाली काय ठेवलं होतं?"

"काही न्हाई. स्लॅबवरच ठेवली."

"मंग तव्यावर ठेवली म्हण की." ते पहिल्यांदा हसले. उठून त्यांनी घरातली लाकडी तिवई घेतली, खांद्यावर टाकली. "चल."

त्या संध्याकाळी ते माझ्यासोबत आले. काकूंच्या घरात शिरले नाहीत. शिडीवरून वर गेले आणि स्लॅबच्या मधोमध, जिथं कुणाचीच भिंत आभाळाच्या आड येत नव्हती, तिथं तिवई मांडली. पाय हलत नाहीत ना पाहिलं. मी केळी भरून वर दिली. वकिलीणबाई त्यांच्या गच्चीवर अंथरूण घालत होत्या. म्हणाल्या, "आता काय, माठाला हवापालटाला आणलं का?" मालक म्हणाले, "होय बाई. तुमचाबी आणा." त्यांनी खरंच आणला. फळकुटावर ठेवला.

सकाळी आम्ही दोघं गेलो तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. काकू वर यायला तयार नव्हत्या, मग मालक शिडी धरून उभे राहिले आणि मी त्यांना हात धरून एकेक पायरी चढवलं. केळीला सगळीकडून घाम आला होता. तिवईच्या लाकडावर ओल उतरली होती. मी करा उचलला आणि तांब्या बुडवून काकूंच्या हातात दिला.

त्यांनी आधी बोटं बुडवली. मग तांब्या गालाला लावला. मग थोडं पाणी स्लॅबवर सोडलं, त्याचं नाव घेऊन. ऊन स्लॅबने ते लगेच पिऊन टाकलं, एक काळा डाग राहिला. काकू त्या डागाकडे बघत होत्या. तो सुकला, तेव्हा त्या तांब्यातलं पाणी प्यायल्या. सगळं. मी दुसरा दिला, तोही प्यायल्या. मग खाली बसून म्हणाल्या, "खाली का होत न्हवतं गं?"

आता लपवता येणार नव्हतं. मी खाली बघूनच म्हणाले, "काकू, ती भिंत रातभर ऊन असती. त्याचा काही राग न्हाई. दगडाचं तसंच असतं."

त्या खाली उतरल्या, मागच्या खोलीत गेल्या. मी दारातून पाहिलं. त्या भिंतीला तळहात लावून उभ्या होत्या. पहाट झाली होती तरी दगड कोमट असणार. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हाय की ऊन. मी कधी हात लावूनच पाह्यला न्हवता." आणि मग, जरा वेगळ्या आवाजात, "त्याचे हातबी असेच ऊन असायचे. सिमेंटनं फुटलेले."

मालक बाहेर बोळात थांबले होते. मी बाहेर आले तर त्यांनी नुसती मान वर केली. मी होकार दिला. ते घरी जाऊन चाकावर बसले.

त्यानंतर काकू दर संध्याकाळी केळी वर नेत आणि सकाळी कोनाड्यात ठेवत. जागा त्यांनी सोडली नाही. हिवाळ्यात मी गेले की त्या हमखास त्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या असत, मलाही म्हणत, "टेक इथं, गोधडी लागत न्हाई." तेही खरंच होतं. पौषात खेड्यात आमचे हात काकडून जात आणि त्या खोलीत बसलं की झोप येई. एकच भिंत. उन्हाळ्यात तिच्यापायी पाणी तापे आणि हिवाळ्यात म्हातारीची हाडं शेकली जात. तिला चांगली म्हणायचं की वाईट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

धंद्यात मात्र फरक पडला. मी माठ देताना सांगायला लागले: भिंतीपासून दूर ठेवा, रात्री आभाळ दाखवा, बुडाखाली लाकूड घ्या. एवढं बोलायला मला वर्ष लागलं. काही लोक ऐकत, काही हसत. एक कारकून म्हणाले, "माठासोबत पोथीबी देता का?" पुढं फ्रिज आले आणि ते सांगणंही संपलं. मालकांना एक खंत राहिली. म्हणत, "आपण दोन वर्षं मातीला नावं ठेवली. माती काही बोलली न्हाई."

काकू थकल्या तेव्हा शिडी चढणं बंद झालं. शेजारच्या बाया केळी वर नेत, वकिलीणबाईसुद्धा. शेवटच्या आखाजीला मी केळी घेऊन गेले. त्यांनी ती वाजवायला लावली. ऐकून म्हणाल्या, "माझ्या मागं मला कोण ठेवणार गं केळी? तूच ठेवशील. ठेवशील ना? पण वरच ठेव. मला न्हाई जमायचं खाली." मी हो म्हणाले. आमची जात वेगळी, नातं काही नाही. तरी हो म्हणाले.

आता आमचंही घर स्लॅबचं आहे. नदीकडचा वारा समोरच्या इमारतींनी अडवला. चाक नाही, म्हणून आखाजीला केळ्या मी बाजारातून विकत आणते, आणि कुंभाराची बाई असून विकत आणते म्हणून मान खाली घालून आणते. संध्याकाळी वर चढते. तिवई तीच आहे, मालकांची. तिच्याजवळ फळ्या टाकते. सासूबाई, मामाजी, मालक, एकेकाचं नाव घेऊन केळी मांडते. मग आणखी दोन मांडते, शेजारी-शेजारी.

सून दरवर्षी विचारते, "ह्या दोन जादा कुणाच्या, आई?"

मी सांगते, "गिऱ्हाइकाच्या."